एकसर जोडणी

पोरं हसली, एवढंच झालं. आणि वर्गातली पोरं हसतातच. त्यांना हसायला कारण लागत नाही. पंखा कुरकुरला तरी हसतात, शिकवणाऱ्याला शिंक आली तरी हसतात. इतकी वर्षं फळ्यापुढं उभ्या राहिलेल्या बाईला यात नवीन ते काय? शनिवारची सकाळची बॅच होती. महामाया मॅडमनी फळ्यावर रोधांची आकृती काढली, वर ‘सीरिज कॉम्बिनेशन’ लिहिलं, इंग्रजीतून दोनदा समजावलं. तिसऱ्या बाकावर वर्षाराणी म्हणून एक पोरगी बसते, किनवटकडची, मराठी माध्यमातून आलेली. ती हळूच म्हणाली, ‘मॅडम, याला मराठीत काय म्हणायचं? दहावीला होतं, आठवूनच नाही राहिलं.’ मॅडमनी खाली मराठीत लिहिलं: एकसर जोडणी. झालं! मागून कुणीतरी ते तोडून तोडून वाचलं, ‘एक... सर... जोडणी!’ लगेच दुसरा ओरडला, ‘मॅडम, कोणते सर जोडायचे?’ आणि अख्खा वर्ग खदखदला. पुढच्या बाकावरच्या शहाण्या पोरीसुद्धा ओढणीत तोंड घालून हसल्या. महामाया मार्कर हातात धरून तशीच उभी राहिली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि तिला एकच वाटलं. ह्यांना कळलंय. सगळ्या लातूरला कळलंय, फक्त आपल्यालाच अजून कुणी सांगितलेलं नाही.

कळण्यासारखं काय होतं, तर तिचे सर घरी येत नव्हते. सर म्हणजे तिचा नवरा, आदर्श. लातूरच्या ट्यूशन एरियात सरांना काय तोटा! दर खांबावर एक सर, हाताची घडी घालून, पाठीमागं डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो. त्यांतच एका जिन्याच्या तोंडाशी ‘आदर्श सरांचे फिजिक्स’ ही पाटी अजून आहे. उन्हानं सरांची मिशी उडालीय, डोळे तेवढे शाबूत आहेत. नांदेडच्या एका मोठ्या अकॅडमीनं त्याला बोलावून नेल्यावर पाटी काढायची तिच्या मनात होतं. तो म्हणाला, ‘राहू दे ना, मी काय मेलोय का? दर शनिवारी येतोच की.’ मग पाटी राहिली, बॅचेस तिनं घेतल्या. आधी ती केमिस्ट्री शिकवायची. आता केमिस्ट्रीही तीच, फिजिक्सही तीच. क्लासमध्ये दोघं एकमेकांना सर आणि मॅडम म्हणायचे, पोरांसमोर बरं दिसतं म्हणून. ते लचांड घरापर्यंत कधी आलं ते समजलंच नाही. भाजीत मीठ जास्त पडलंय का, सर? मॅडम, टॉवेल द्या. सुरुवातीला गंमत होती. पुढं तेच नाव झालं, आणि आदर्श असं तोंड भरून म्हणायला तिला लाज वाटायला लागली. बायकोला नवऱ्याचं नाव घ्यायची वाटते तशी नव्हे, जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव घ्यायची वाटावी, तशी.

‘पुढचं वाचून ठेवा,’ एवढं म्हणून ती खाली उतरली. दुसऱ्या बॅचची पोरं जिन्यात उभी होती, त्यांना म्हणाली, आज सुट्टी. पाय घराकडं वळायला हवे होते, ते बसस्टँडकडं वळले. नांदेडची गाडी लागलेलीच होती. खिडकी मिळाली, पर्स मांडीवर घेतली, आणि गाडी हलल्यावर मग तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली, आज विचारायचं. तुला घरी यायचंय की नाही, हे तोंडानं विचारायचं. इतका साधा प्रश्न, आणि तो न विचारता तिनं एक पावसाळा, एक हिवाळा काढला होता. कारण प्रश्न विचारला की उत्तर येतं. न विचारता राहिलं की माणूस वाट पाहत राहतो, आणि वाट पाहणाऱ्या बाईला निदान नवरा तरी असतो.

चाकूर गेलं. उन्हात हरभरा पिवळा पडत आला होता. शेजारी एक म्हातारी तोंडात पदराचं टोक धरून झोपली होती, गाडी खड्ड्यात आदळली की तिचं डोकं महामायाच्या खांद्यावर यायचं. तिनं ते येऊ दिलं. कुणाचं तरी ओझं खांद्यावर आहे ह्याचंही बरं वाटावं, इतकी ती थकली होती. झोप न झाल्याचा थकवा नव्हे. हा थकवा कसला, ते सांगायला डॉक्टरकडं जावं तर तो रक्त तपासायला सांगणार. पहिल्या वर्षी आदर्श दर शनिवारी यायचा, अर्धापूरची केळी घेऊन. पिशवी ओट्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, पिकलेली आधी खा. मग एक शनिवार सोडून यायला लागला. टेस्ट सीरिज आहे म्हणाला. मग कुणाचं लग्न, कुणाची वास्तुशांत, असं काही असलं तर. मग नुसता फोन. शेवटचा शनिवार कोणता, हे आठवायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला. आठवेना. शेवटचा शनिवार आला तेव्हा तो शेवटचा म्हणून कुठं आला होता? तो इतरांसारखाच आला, रविवारी पेपर वाचला, जेवला, दुपारी झोपला. एखादी माळ ओघळत असली तर मणी पडल्याचा आवाज तरी होतो. इथं तोही झाला नाही. भांडण नाही, शिवी नाही, दार आपटणं नाही. भांडण झालं असतं तर तिनं ते उराशी धरून ठेवलं असतं, पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं असतं. हातात काही तरी राहिलं असतं.

माळ हा शब्द मनात आला आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली. मेली सवयच तशी. माळ, साखळी, रांग, ओळ, लड. एकापाठोपाठ एक अशा वस्तूंना मराठीत शब्द काय कमी आहेत? पण साखळीतली एक कडी दुसरीत अडकलेली असते, आणि रांगेतला माणूस पुढच्याला शिवतसुद्धा नाही. फटाक्यांची लड पेटली की थांबवता येत नाही. माळेत मणी एकमेकांना धरत नाहीत, सगळ्यांना धरतो तो आतला दोरा, आणि तो कुणाला दिसत नाही. तिचे वडील पंढरी, मुदखेड जंक्शनवर डबे जोडायच्या कामावर होते. त्यांचा शब्द वेगळाच, निजामाच्या राज्यातून उरलेला. सिलसिला. ‘सिलसिला तुटू द्यायचा न्हाई बाई,’ असं ते प्रत्येक गोष्टीला म्हणायचे. शाळेला, औषधाच्या गोळ्यांना, विहारात जायला, पोस्टात पैसे टाकायला. पाठीचा कणा गेला तरी त्यांचा सिलसिला काही तुटला नाही. एकसर हा शब्द मात्र ह्या सगळ्यांत परका होता. तो पुस्तकातला. आणि पुस्तकातला असून तो तिला पुस्तकात भेटला नव्हता.

तो भेटला जयंतीच्या मंडपात. ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, नांदेडच्या कॉलेजात, सगळं इंग्रजीतून, डोक्यावरून जायचं. चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी मुदखेडच्या वस्तीतली पोरं लायटिंग लावत होती आणि बरोबर कमानीवरची माळ बंद पडली. मंडळाचे पुढारी वायर हलवून, ठोकून दमले. वर्गातला आदर्श, किनवटच्या वसतिगृहात वाढलेला, काटकुळा, कॉलर फाटलेला, कुणाकडं तरी पाहुणा म्हणून आला होता. तो म्हणाला, शिडी द्या. शिडी धरायला कुणी नव्हतं म्हणून तिनं धरली. खिशात एक चांगला बल्ब ठेवून तो एकेक जुना काढायचा, चांगला लावून बघायचा, पुन्हा जुना जागेवर. वरूनच बोलत होता, वस्तीला ऐकू जाईल असं. ‘ही एकसर जोडणी हाय. एकच वाट. सगळ्यांतून एकच करंट जातो, म्हणून एक गेला की सगळे जातात. कोण गेलाय ते तोंडाकडं बघून कळत नाही, एकेकाला विचारावं लागतं.’ त्या इंग्रजी पुस्तकातलं अख्खं प्रकरण तिला त्या शिडीच्या पायथ्याशी समजलं. मान वर करून करून दुखायला लागली, पण तिनं शिडी सोडली नाही. शेवटी कमानीच्या पार टोकाला माळ एकदम पेटली, आणि खाली पोरांनी जो गलका केला, त्या गलक्यात तिला वाटलं, हाच. बाकी काही नाही पटलं तरी चालेल, हाच माणूस. मधेच, शोध लांबला तेव्हा, तिचे वडील म्हणाले होते, ‘सापडला की गेलेला काढून टाका अन् तारा पिळून जोडा की, काय बिघडतंय?’ आदर्शनं मान हलवली होती. ‘पेटंल मामा. पण एकाचा भार बाकीच्यांवर जाईल. जास्त उजेड देतील अन् लवकर जळतील.’

अहमदपूरला गाडी थांबली. फोन वाजला. मुदखेडहून आई, कोंडाबाई.

‘कुठं हायेस गं माये? लई आवाज यायलाय.’

‘बसमध्ये. नांदेडला चालले.’

‘जावयानं बोलिवलं?’

‘नाही.’

 पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. आई म्हणाली, ‘बरं केलंस. लई आधी जायाला पायजे हुतं.’

‘तुला काय माहीत?’

‘अगं, मला काय कळत न्हाई व्हय? जयंतीला आला न्हाई, तवाच म्या वळखलं. तुझ्या बापाच्या पुण्यानुमोदनाला बी तू एकलीच आलीस अन् त्याला ताप हाय म्हनून सांगितलीस. इतका ताप कुनाला येतो?’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू इचारलं न्हाईस. म्हनलं, पोरगी शिकलेली हाय, आपुन काय सांगावं.’

महामायाला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले. आईसुद्धा विचारायला घाबरली होती. सगळं खानदानच असं, गुमान बसणारं. डोळे पुसून तिनं उगीचच विचारलं, ‘आई, एकसर म्हणजे काय गं?’

‘गळ्यातली. एका पदराची माळ. माझ्या आजीला हुती, बारीक मण्याची. का? करायलीस का?’

‘नाही गं बाई, असंच.’

‘करू बी नको सध्या. अन् हे बघ, रडत इचारू नको. जेवून इचार. उपाशी बाईचं कुनी खरं मानत न्हाई.’

फोन ठेवला तर वर्षाराणीचा मेसेज येऊन पडला होता. ‘मॅडम सॉरी. माझ्यामुळे झालं. पोरं तुम्हाला नव्हती हसत मॅडम. तो सरांच्या व्हिडिओतला जोक आहे, सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही पाहिला नाही का?’ खाली लिंक. तिनं पाहिला नव्हता. त्याचे व्हिडिओ तिनं कधीच पाहिले नव्हते. ज्या माणसाला समोर बसवून ऐकलं, त्याला काचेत काय बघायचं? आता तिनं आवाज बारीक करून फोन कानाशी धरला, मग डोळ्यांपुढं, मग पुन्हा कानाशी. मोठा हॉल, झकास लाइट. आदर्शनं केस रंगवलेत. चांगला दिसत होता, मेला. ‘बाळांनो,’ तो म्हणत होता, ‘सीरिजला मराठीत काय म्हणतात? एकसर जोडणी. फोड करा. एक सर! कोण सर?’ हॉल ओरडला, ‘आदर्श सर!’ ‘शाब्बास. मग पॅरलल म्हणजे समांतर जोडणी कोण? आमच्या मॅडम! लातूरला असतात. दोघांचं व्होल्टेज सेम, पण वाट वेगळी. ह्याचा करंट त्याच्यात जात नाही. हा गेला तरी ती पेटलेली, ती गेली तरी हा पेटलेला. कुणाचं कुणावाचून अडत नाही. लक्षात राहील का आता?’ हॉल टाळ्या वाजवत होता.

आधी तिला खरोखर हसू फुटलं. जोक चांगला होता. असा जोक तिला सुचला असता तर तिनंही वापरला असता. मग गाडी लोह्याच्या अलीकडं वळण घेत असताना ते हसू जागच्या जागी थिजलं. व्हिडिओ गेल्या वर्षीचा होता. म्हणजे ती केळ्यांची वाट बघत होती, तेव्हा हा हे सांगून बसला होता. पोरांना माहीत, पोरांच्या आईबापांना माहीत, परभणी-हिंगोलीच्या कुण्या खेड्यातल्या, रेंज मिळावी म्हणून टाकीवर चढून व्हिडिओ बघणाऱ्या पोराला माहीत. तिला तेवढं सांगायचं राहून गेलं. तिला राग यायला हवा होता. तो आलाही, पण धड उभा राहीना; येऊन तिच्या शेजारीच बसला, त्या झोपलेल्या म्हातारीसारखा.

नांदेडला उतरल्यावर आईचं ऐकून तिनं स्टँडसमोर पोटभर जेवण केलं. मग रिक्षा. अकॅडमीची इमारत काचेची होती, खाली चहाची टपरी. सर वर्गावर आहेत, म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं. ‘आपण कोण?’ ती म्हणाली, ‘मॅडम.’ मुलीला काही कळलं नाही, पण तिनं बसायला सांगितलं. तासाची घंटा झाली, पोरांचा लोंढा उतरला, आणि त्यांच्या मागून आदर्श. बोटांना मार्करची निळी शाई.  किती वर्षं तिनं ती बोटं लिंबानं घासून दिली होती.

‘अगं, तू? काय झालं? आई बऱ्या आहेत ना?’

‘बरी आहे.’

‘कळवायचं तरी. चल, चहा घेऊ.’ टपरीवर त्यानं बोट वर केलं. ‘दोन. एक बिनसाखरेचा.’ साखर सोडलीय, हेही तिला ठाऊक नव्हतं. डायबेटिस झालाय का, हे ओठांवर आलेलं तिनं गिळलं.

‘व्हिडिओ पाहिला,’ ती म्हणाली. ‘समांतर जोडणी.’

तो हसला, मग तिचं तोंड पाहून थांबला. ‘अगं, जोक आहे तो. पोरांच्या डोक्यात बसावं म्हणून. तुला माहीत नाही का, असं काही सांगितल्याशिवाय पोरं धरूनच नाही ठेवत.’

‘बसलं. माझ्या पण डोक्यात बसलं.’

‘रागावलीस?’

‘नाही. दमले रे.’ कितीतरी वर्षांनी ती त्याला सर न म्हणता बोलली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं. ‘खरं सांग आदर्श, तुला घरी यायचंय का?’

विचारलं. आभाळ कोसळलं नाही. एक सिटी बस गेली, टपरीवाल्यानं आलं ठेचलं. आदर्श ग्लासात बघत राहिला. ‘आता क्रॅश कोर्स सुरू होतील,’ तो म्हणाला. ‘मे झाला की बघू ना. आणि आपलं बिघडलंय कुठं? भांडण तर नाही काही. तू तुझं करून राहिलीस, मी माझं. चाललंय की व्यवस्थित.’

तो खोटं बोलत नव्हता. हेच भयंकर होतं. दुसरी कुणी आहे का, हा प्रश्न तिनं लातूरपासून बांधून आणला होता. आता त्याच्याकडं बघताना तिला कळलं की दुसरी-बिसरी कुणी नाही. तिथं कुणीच नव्हतं. त्याला सुख लागलं होतं, नुसतं स्वतःचं, आणि त्यात तिच्यावाचून काही कमी पडत नव्हतं. शिडीवरचा तो काटकुळा पोरगा तिनं ह्या चेहऱ्यात शोधला. डोळ्यांत थोडा होता. तेवढ्यावर संसार होत नाही.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘घराची चावी दे माझी.’

‘चावी? कशाला? तुझी हरवली का?’

‘दे ना.’

त्यानं खिशातून जुडगा काढला. फ्लॅटची, गाडीची, अकॅडमीच्या कपाटाची. एकेक सरकवून बघितली, पुन्हा बघितली. दुसरा खिसा चाचपला. ‘ती ह्याच्यात नाही वाटतं,’ तो म्हणाला. ‘रूमवर असेल. ड्रॉवरमध्ये बघतो. नाहीतर मागच्या शिफ्टिंगला कुठं गेली कोण जाणे. सापडली की कुरियर करतो.’

महामाया त्याच्या हातांकडं बघत राहिली. दर शनिवारी ती आतून कडी न लावता झोपत आली होती. त्यानंच पहिल्या वर्षी सांगितलं होतं, गाडी उशिरा पोचते, तू उठू नको, कडी काढून ठेव, मी चावीनं उघडून येतो. तेव्हापासून एकही शनिवार चुकवला नव्हता तिनं. एकटी बाई, सगळा मजला भाड्यानं राहणाऱ्या पोरांचा. जिन्यात पाऊल वाजलं की ती उठून बसायची, पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं. भीती वाटायची, पण कडीला हात लावला नाही. कडी लावलेली आणि नेमका तो आलेला, असं व्हायला नको. आणि चावी ह्याच्या खिशातच नव्हती. कधीपासून नव्हती, हे त्यालाही माहीत नव्हतं.

तिनं चहा संपवला. चांगला झाला होता, आलं भरपूर होतं.

‘राहू दे, शोधू नकोस,’ ती म्हणाली आणि पर्स खांद्याला लावली. ‘आज शनिवार आहे. मी आजपासून आतून कडी लावून झोपणार आहे.’

‘म्हणजे?’ आदर्शनं विचारलं.

‘म्हणजे आलास तर बेल वाजवावी लागेल. उघडायचं की नाही, ते मी बघेन.’